दुधी काचेवरचा सह्याद्री

मुंबई-पुण्याच्या नव्या उपाहारगृहांतून, शहराबाहेरच्या विश्रामस्थानांतून आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांतून हल्ली सागवानी लाकडाचा, पितळी कोपऱ्यांचा, चामडी भात्याचा जुना कॅमेरा तिपाईवर उभा करून ठेवलेला वारंवार दृष्टीस पडतो. त्याच्या भिंगावर धूळ साचलेली असते, लाकडावर चकचकीत रोगण चढविलेले असते, आणि कित्येक ठिकाणी तर आतली काच काढून तेथे विजेचा दिवा बसविलेला असतो. ज्या यंत्राने आपल्या आजोबा-पणजोबांच्या मुद्रा पुढच्या पिढ्यांसाठी राखून ठेवल्या, त्याची गणना शोभेच्या सामानात व्हावी याचे मला मनस्वी दुःख होते. आणि त्या दुःखाचे कारण केवळ गतकालाविषयीचे ममत्व एवढेच असते, तर ते मी स्वतःपाशीच ठेवले असते. परंतु हे यंत्र आजही चालते. त्यात घालावयाची फिल्म आजही तयार होते, ती धुण्याची रसायने आजही मिळतात, आणि डोंगर, पठार, वृक्ष, जलाशय यांचे चित्र घेण्याच्या कामी त्याचा उपयोग करणारी माणसे जगाच्या पाठीवर आजही आहेत. मोठ्या आकाराच्या फिल्मवर निसर्गदृश्य टिपण्याचा हा व्यासंग आपल्याकडे, आणि विशेषतः सह्याद्रीच्या या मुलखात, चालू राहावा असे माझे आग्रहाचे मत आहे. कारण त्यात चित्र हाती येण्यापूर्वीच माणसाला एक मोठा लाभ झालेला असतो, तो म्हणजे समोरची भूमी निरखून पाहिल्याचा.

यंत्राची रचना पाहू गेल्यास ती अत्यंत साधी आहे. लाकडाच्या किंवा धातूच्या दोन चौकटी, त्यांच्यामध्ये घड्यांचा भाता, पुढच्या चौकटीत भिंग आणि मागच्या चौकटीत दुधी काच. त्यात ना बॅटरी, ना स्वयंचलित मापन. फिल्म गुंडाळीच्या स्वरूपात नसून तिचे सुटे पत्रे असतात; चार बाय पाच इंच आणि आठ बाय दहा इंच ही त्यांची आज रूढ असलेली मापे, आणि आपल्याकडील जुन्या स्टुडिओंत प्रचलित असलेली हाफ प्लेट व फुल प्लेट ही त्यांचीच वडीलधारी भावंडे. ज्या पस्तीस मिलिमीटरच्या रोलवर आपण पंचवीस-तीस वर्षांपूर्वी लग्नामुंजींचे फोटो काढीत होतो, त्याच्या एका चौकटीपेक्षा चार बाय पाचचा पत्रा क्षेत्रफळाने सुमारे पंधरापट मोठा असतो आणि आठ बाय दहाचा सुमारे साठपट. या विस्तारामुळे चित्र अधिक रेखीव येते हे उघडच आहे. पण त्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, उजेडापासून सावलीपर्यंतचा प्रवास अशा चित्रात इतक्या संथपणे घडतो की, ढगाची कड कोठे संपली आणि आकाश कोठे सुरू झाले हे बोट ठेवून सांगता येऊ नये. कातळाचा खरखरीतपणा, वाळल्या गवताची चकाकी आणि दूरच्या डोंगराची धूसरता ही तिन्ही एकाच कागदावर आपापल्या स्वभावधर्माने नांदतात.

मात्र खरा आनंद त्याच्याही अगोदरचा, काळ्या कापडाखालचा आहे. भिंग उघडे टाकून, डोक्यावरून काळे कापड ओढून, बाहेरचा उजेड बंद केला की, क्षणभर काहीच दिसत नाही. मग डोळे सरावतात आणि दुधी काचेवर हळूहळू समोरचा प्रदेश उमटू लागतो, वर आकाश असावे तेथे जमीन, उजवीकडे असावा तो वृक्ष डावीकडे, अशा संपूर्ण उलट्या क्रमाने. नवशिक्याला ही अडचण वाटते. पण डोंगर उलटा झाला की, तो मोठा, प्रसिद्ध किंवा इतिहासप्रसिद्ध असल्याची आपली समजूत गळून पडते आणि तो एक काळसर आकार म्हणून त्या काचेवर आपले वजन किती, आपली जागा कोणती, हे स्वतःच सांगू लागतो. कोपऱ्यातील एखादा धोंडा, ज्याकडे उभ्या डोळ्यांनी आपण ढुंकूनही पाहिले नसते, तो तेथे सबंध दृश्याचा तोल सांभाळताना आढळतो. आणि ज्या सुळक्यासाठी आपण एवढी पायपीट केली, तो कित्येकदा त्या चित्रात निव्वळ उपरा ठरतो. शिवाय हे चित्र दोन्ही डोळ्यांनी, एका सपाट पृष्ठभागावर, हातभर अंतरावरून पाहावयाचे असते, आणि ते हलत असते. पाने सळसळतात, ढग सरकतात, घार काचेच्या तळातून वर चढत गेली की समजावे ती बाहेर खाली उतरते आहे.

एका ठिकाणाचे वर्णन तपशिलाने करतो. जुन्नरहून घाटघरमार्गे नाणेघाटाच्या माथ्यावर गेले की, पश्चिमेला पठार एकदम तुटते आणि खाली कोकण पसरलेले दिसते. सातवाहनांच्या काळापासून या वाटेने माल चढत-उतरत आला. घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण आजही आहे, आणि गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. पण छायाचित्रकाराची दृष्टी खिळते ती जीवधन किल्ल्याला लागून उभ्या असलेल्या वानरलिंगी नावाच्या सुळक्यावर. पावसाळा सरला आणि आश्विन लागला की, या पठारावर गवत कंबरेला लागते, मधूनमधून सोनकीच्या पिवळ्या फुलांचे ताटवे शिल्लक असतात, आणि दगडफुलाने पांढरटलेले काळे धोंडे त्यांच्यातून डोके वर काढून असतात. मनात असे येते की, पायाशी असलेला धोंडा, त्याच्यामागची सोनकी आणि दूरचा सुळका ही तिन्ही सारख्याच स्पष्टपणे यावीत. साध्या कॅमेऱ्याला हे सहजी साधत नाही. जवळचे स्पष्ट करावे तर दूरचे विरघळते आणि दूरचे धरावे तर जवळचे. या यंत्राच्या पुढच्या चौकटीला मात्र मान तुकविण्याची मुभा आहे. भिंग किंचित पुढे झुकविले की, स्पष्टतेचे प्रतल, जे एरवी भिंतीसारखे समोर उभे असते, ते आडवे होऊन जमिनीवर पसरते. फिल्मचे, भिंगाचे आणि दृश्याचे अशी तिन्ही प्रतले वाढविली असता ती एकाच रेषेत मिळाली पाहिजेत, हा त्यामागील नियम ऑस्ट्रियन सैन्यातील टेओडोर शाइम्फ्लुग या कप्तानाच्या नावाने ओळखला जातो. त्याने १९०४ साली ब्रिटनमध्ये त्याचे पेटंट घेतले, तेही हवेतून घेतलेल्या छायाचित्रांतील तिरपेपणा दुरुस्त करण्याच्या निमित्ताने, आणि आपल्या आधी फ्रान्समधील झ्यूल कार्पांतिए याने हीच गोष्ट मांडली होती हे त्याने प्रांजळपणे नमूद केले. दीडशे मिलिमीटरचे भिंग छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर असेल, तर पाच-सहा अंशांचा झुकाव पुरतो. मला या हिशेबाचे नेहमीच कौतुक वाटत आले आहे. एका सैनिकाच्या भूमितीने नाणेघाटातील सोनकीला आणि वानरलिंगीला एका पातळीवर आणून बसवावे, ही गोष्ट लहान नव्हे.

तथापि येथून खरी रस्सीखेच सुरू होते. आडव्या झालेल्या प्रतलातून सुळक्याचे टोक वर निसटते, म्हणून भिंगाचे छिद्र एफ/३२ पर्यंत बारीक करावे लागते. छिद्र बारीक केले की उजेड कमी शिरतो. काळ्या-पांढऱ्या चित्रात आकाश गडद यावे म्हणून भिंगावर नारिंगी काच लावली तर तो आणखी कमी होतो. आणि शेवटी सेकंदाच्या चौथ्या हिश्शापर्यंत शटर उघडे ठेवण्याची पाळी येते. तेवढ्या अवधीत कोकणातून घाटाच्या तोंडाने वर येणारा वारा सोनकीला डोलविल्याशिवाय राहत नाही. मग थांबावे लागते. वाऱ्यालाही एक लय असते, आणि पठारावर बराच काळ उभे राहिल्यावर ती अंगाला कळू लागते: दूरचे गवत झुकते, मग मधले, मग आपल्या पायाशी असलेले, आणि त्यानंतर काही क्षण सगळे स्तब्ध होते.

अशाच एका दुपारी गुरे घेऊन आलेले एक वृद्ध गृहस्थ तिपाईपाशी येऊन उभे राहिले. आमच्या खेड्यांतून तिपाई दिसली की, पहिला संशय सरकारी मोजणीचा येतो.

"मोजणी चाललीय का सायेब?"

"नाही मामा, फोटो काढतोय."

"फोटूला एवढा येळ?"

मी त्यांना कापडाखाली येण्याची विनंती केली. ते बराच वेळ आत राहिले. बाहेर आले तेव्हा दृश्य उलटे असल्याबद्दल ते एका शब्दानेही बोलले नाहीत, आणि मग सुळक्याकडे काठी रोखून म्हणाले, "त्या खाचंत ऊन शिरूं द्या. मग समदा दगुड उठंल." सूर्य पश्चिमेला कलला, वानरलिंगीच्या अंगावरची एक उभी खाच, जी तोवर सावलीत बुडालेली होती, तिच्या एका कडेवर उन्हाची रेघ उमटली, आणि त्यासरशी तो सपाट दिसणारा सुळका खरोखरच गोलाई घेऊन उठला. त्या गृहस्थांनी आयुष्यभर तो दगड पाहिला होता. मला तो पाहण्याची सवड त्या यंत्राने सक्तीने दिली होती. खिशातून काढून टिपावयाचा कॅमेरा असता तर मी त्यांच्या येण्यापूर्वीच पुढच्या मुक्कामाला निघून गेलो असतो.

या व्यासंगाला आपल्या देशात मोठी परंपरा आहे, आणि ती केवळ स्टुडिओतील पडद्यापुढे उभ्या केलेल्या कुटुंबांची नाही. नॉटिंगहॅम येथील एका पेढीत कारकुनी करणारा सॅम्युअल बोर्न हा तरुण ती नोकरी सोडून १८६३ साली हिंदुस्थानात आला आणि पुढील तीन वर्षांत त्याने हिमालयाच्या तीन दीर्घ मोहिमा केल्या. त्या काळी फिल्म नव्हती. काचेवर कोलोडियनचा लेप द्यावयाचा, ती रौप्यक्षारांच्या द्रावात बुडवावयाची, ओली आहे तोवरच तिच्यावर चित्र घ्यावयाचे आणि सुकण्यापूर्वी ती धुवावयाची, असा सगळा प्रयोग बर्फाच्या कडेला उभारलेल्या अंधाऱ्या तंबूत काही मिनिटांच्या मुदतीत उरकावा लागे. १८६६ साली त्याने सुमारे १८,६०० फूट उंचीच्या मणिरंग खिंडीतून छायाचित्रे घेतली, आणि त्याच प्रवासात तो गंगोत्रीच्या हिमनदीपर्यंत पोहोचला. त्याची चित्रे आजही पाहिली असता पाइनच्या झाडाच्या प्रत्येक सुईमागे त्याचा डोळा गेला असावा असे वाटते. त्यांचे आकाश मात्र बहुधा कोरे पांढरे असते, कारण ते रसायन निळ्या प्रकाशाने चटकन काळवंडे आणि हिरव्या-तांबड्याला दाद देत नसे. आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे: ही काच, ही रसायने आणि हा तंबू पाठीवर घेऊन ज्या पहाडी हमालांनी त्या खिंडी ओलांडल्या, त्यांची नावे त्या चित्रांखाली आढळत नाहीत. बोर्नच्या कौशल्याला मी मनापासून मान देतो. पण त्या चित्रांचे श्रेय एकट्याच्या खात्यावर जमा करण्यास माझे मन तयार होत नाही.

मुंबईही मागे नव्हती. येथे १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या हिंदी सभासदांपैकी एक होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन विद्यालयात छायाचित्रणाचा वर्ग निघाला. म्हणजे ही विद्या युरोपात जन्मल्यापासून दोन दशकांच्या आत आपल्या शहरात ती शिकविण्याची तजवीज झालेली होती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे मला याच विषयाकडे यावयाचे आहे.

बोर्नच्या कोऱ्या आकाशाचे उत्तर साठ वर्षांनी अमेरिकेत मिळाले. १० एप्रिल १९२७ रोजी पंचवीस वर्षांचा ॲन्सेल ॲडम्स योसेमिटीच्या दरीत हाफ डोम या प्रचंड ग्रॅनाइटच्या कड्यासमोरील एका उंच कडेवर बारा काचा घेऊन चढला. त्याचा कॅमेरा साडेसहा बाय साडेआठ इंचांचा होता, म्हणजे आपल्या गावोगावच्या स्टुडिओंतील फुल प्लेटच. मुक्कामी पोहोचेपर्यंत दोनच काचा उरल्या. त्यांतील पहिलीवर त्याने पिवळ्या गाळणीतून चित्र घेतले, आणि घेताक्षणीच त्याच्या ध्यानात आले की, यात कडा जसा दिसतो तसा येईल, पण तो पाहताना मनावर जे दडपण आले आहे ते येणार नाही. म्हणून उरलेल्या एकमेव काचेसाठी त्याने गडद तांबडी गाळणी चढविली, जिने निळे आकाश जवळजवळ काळे पडते, आणि शटर कित्येक सेकंद उघडे ठेवले. तो काळा नभोमंडप आणि त्याच्यापुढे उभी ठाकलेली ती शिळा हे चित्र पुढे जगप्रसिद्ध झाले. मला त्यात सर्वांत मोलाचा वाटतो तो त्या दोन काचांच्या मधला काळ. हाती एकच काच उरली असताना माणूस डोळे मिटून अंतिम चित्र मनात पाहतो आणि मग त्याप्रमाणे यंत्राला हुकूम करतो. शंभर काचा असत्या तर ही निकड उत्पन्न झाली नसती. पाच वर्षांनी, १९३२ मध्ये, ॲडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम आदींनी सान फ्रान्सिस्कोत जो गट स्थापन केला, त्याला त्यांनी भिंगाच्या बारीकातल्या बारीक छिद्राचे, एफ/६४चे, नाव दिले.

पुढे १९४०च्या सुमारास ॲडम्सने फ्रेड आर्चर यांच्यासह निखळ काळ्यापासून निखळ पांढऱ्यापर्यंतच्या छटांची जी पायऱ्यापायऱ्यांची व्यवस्था बसविली, ती आपल्या पावसाळ्याला विलक्षण लागू पडते. श्रावणातील सह्याद्री म्हणजे ओला काळा कातळ आणि त्याच्यावरून उतरणारे पांढरेशुभ्र धुके. डोळा या दोहोंना सहज सामावून घेतो, फिल्म घेत नाही. नियम असा की, सावलीचा बंदोबस्त चित्र घेतानाच करावयाचा आणि उजेडाचा बंदोबस्त फिल्म धुताना. कातळाच्या काळ्या अंगातील भेगा दिसाव्यात एवढा प्रकाश द्यावा. मग कडक ऊन असेल तर धुण्याचा अवधी कमी करून पांढऱ्याला लगाम घालावा, आणि सगळीकडे नुसते धुकेच भरून राहिले असेल, सगळ्या छटा एकमेकींत मिसळल्या असतील, तर तोच अवधी वाढवून त्यांना वेगळे करावे. गुंडाळीच्या फिल्मवर हे करता येत नाही, कारण तेथे छत्तीस चित्रांना एकच न्याय मिळतो. येथे प्रत्येक पत्र्याचा निवाडा स्वतंत्र. एका दुपारच्या उन्हाचा आणि दुसऱ्या सकाळच्या धुक्याचा पत्रा एकाच पेटीतून घरी येतो, पण तबकात त्यांना मिळणारी मिनिटे वेगवेगळी असतात.

देवराईत आणखी एक अनुभव येतो. आहुप्याच्या देवराईत ऐन दुपारीही झाडांखाली संध्याकाळ असते. प्रकाशमापक तीस सेकंद सांगतो. परंतु उजेड इतका मंद झाला की, फिल्मची ग्रहणशक्तीही मंदावते, आणि एफपी४ प्लस ही फिल्म असेल तर त्या तीस सेकंदांचे प्रत्यक्षात बहात्तर-त्र्याहत्तर करावे लागतात. हे सव्वा मिनिट काही करावयाचे नसते. तिपाईला हात लावू नये, पाय हलवू नये, वाळल्या पानांवर उभे असल्यास मुळीच नये. त्या अवधीत कानावर जे पडते, म्हणजे खोडावर चोच मारणारा सुतार, कोठे तरी ठिबकणारे पाणी, वेलीवरून उतरणारी शेकरू, त्यांतले काहीच चित्रात येत नाही. तरीही पुढे ते चित्र हाती घेतले की मला प्रथम ते आवाजच आठवतात.

घरी आल्यावरचा भाग अंधारातला. फिल्मचा पत्रा संपूर्ण काळोखात हाताळावा लागतो, तांबडा दिवादेखील चालत नाही. म्हणून उत्पादकांनी तिच्या एका कोपऱ्यात बारीक खाचा पाडून ठेवलेल्या असतात. पत्रा उभा धरून त्या खाचा उजव्या हाताच्या तर्जनीला वरच्या कोपऱ्यात लागल्या की, रसायनाचा थर आपल्याकडे तोंड करून आहे असे समजावे. आणि खाचांच्या आकारावरून ती फिल्म कोणती हेही समजते. मग पत्रे एकामागून एक तबकात सोडावयाचे, खालचा काढून वर ठेवावयाचा, पुन्हा खालचा काढावयाचा, आणि मनात सेकंद मोजावयाचे. बोटांच्या टोकांना पाण्याची ऊब समजते, थर भिजून निसरडा झालेला समजतो. शेवटी हायपो. १८१९ साली जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाला आढळलेला आणि १८३९ साली त्यानेच छायाचित्रे कायम करण्यासाठी सुचविलेला हा क्षार अजूनही तेच काम इमानेइतबारे करतो आहे. दिवा लावून ओला पत्रा उजेडासमोर धरला की, काळे आकाश पांढरे आणि पांढरे धुके काळे, असा आपला डोंगर तेथे असतो. आठ बाय दहाचा पत्रा असेल तर तो कागदावर दाबून तसाच छापता येतो. मोठे करण्याचे यंत्रही लागत नाही.

या सगळ्यावर जो आक्षेप घेतला जातो तो मला ठाऊक आहे, आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. फिल्म परदेशातून येते आणि महाग पडते. उटकमंडला १९६० साली स्थापन झालेला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना, ज्याची 'इंदू' ही छाप एकेकाळी प्रत्येक स्टुडिओच्या कपाटात असे, तो बंद पडला. कोकणातील दमट हवेत भिंगांना बुरशी धरते. शिवाय खिशातील मोबाईल जे क्षणात देतो, त्यासाठी एवढा लवाजमा कशाला? मोबाईलशी माझे काहीच वैर नाही. वार्ताहराला, वन्यजीवांच्या अभ्यासकाला, आणि नातवंडाचे पहिले पाऊल टिपू पाहणाऱ्या आजीला तोच योग्य आहे. परंतु सह्याद्रीचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आहे. त्याच्यासमोर घाई करण्याचे प्रयोजन मला दिसत नाही. आणि खर्चाचे म्हणाल तर, ज्याच्यापाशी दोनच पत्रे आहेत तो दिवसाकाठी दोनच चित्रे घेतो, किंवा एकही न घेता परत येतो, आणि न घेतलेल्या चित्राचा दिवसही वाया गेला असे त्याला वाटत नाही, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या कला महाविद्यालयांपैकी निदान काहींनी आपली अंधारखोली मोडू नये, आणि जेथे ती मोडली असेल तेथे ती पुन्हा उभी करावी. नळाचे पाणी, काळा पडदा आणि तीन तबके एवढ्यावर तिचा आरंभ होतो. महागड्या फिल्मने सुरुवात करण्याचीही गरज नाही. वैद्यकीय क्ष-किरणांची फिल्म आठ बाय दहाच्या मापात मिळते, ती पुष्कळ स्वस्त पडते, आणि तिच्या काही जाती तांबड्या दिव्यात हाताळता येत असल्याने पत्रा काळा होत जाताना विद्यार्थ्याला प्रत्यक्ष पाहता येतो. तिच्यावर दोन्ही बाजूंनी थर असल्यामुळे ती चटकन ओरखडते, एवढी खबरदारी घ्यावी. कॅमेरे तर आहेतच. केरळात आलप्पुळा येथे के. करुणाकरन यांनी १९४०च्या दशकात सागवान आणि पितळ यांचे जे 'वागीश्वरी' कॅमेरे घडविण्यास आरंभ केला, ते देशभरच्या स्टुडिओंत गेले. त्यांतले आणि त्यांच्यासारखे कित्येक आज माळ्यांवर आहेत. भाता फाटला असेल तर बुक-बाइंडर तो नवा करून देऊ शकतो, आणि काच फुटली असेल तर साध्या काचेचा तुकडा बारीक कुरुंदाच्या पुडीने घासून दुधी करता येतो. हे कॅमेरे दिवे होण्यापूर्वी विकत घ्यावेत.

याहून तातडीची बाब माणसांची आहे. तालुक्याच्या गावांतून अजून असे काही वृद्ध छायाचित्रकार हयात आहेत, ज्यांनी तरुणपणी फुल प्लेटवर काम केले, ज्यांना अंधारात बोटाच्या स्पर्शाने पत्र्याची बाजू ओळखता येते आणि निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने हात फिरविता येतो. त्यांचे स्टुडिओ आता मुलांकडे किंवा सुनांकडे आहेत आणि तेथे छपाईची यंत्रे आली आहेत. त्यांना कोणी काही विचारीत नाही. अशा एखाद्या गृहस्थांना वर्षातून पंधरा दिवस रीतसर मानधन देऊन, गुरुजनांच्या मानाने बोलावून न्यावे. पहिले काही दिवस वर्ग भरवू नये. मुलांना जवळच्या टेकडीवर घेऊन जावे, फिल्म मुळीच नेऊ नये, आणि काळ्या कापडाखाली प्रत्येकाला हवा तेवढा वेळ राहू द्यावे. तीस मुलांना त्यासाठी एक कॅमेरा पुरतो.